दहाव्या वर्षाचा फोन

माझी नोकरी स्वयंपाकघरात होती, पण मी काही स्वयंपाकी नव्हतो. ओट्यावर जिथं गॅस असते, तिथं माझा टेलिफोन. बाजूले एक जुना मिक्सर, एक स्टीलची परात अन् लाडवाचा रिकामा डबा. भिंतीच्या तिकडे बैठकीत फौजेचे अधिकारी बसून राहत, अन् फोनचं दुसरं टोक त्याइच्या टेबलावर. मी इकडून घंटी दिली की हवलदार व्हायचो. ठेवून पुन्हा दिली की कंपनीची रिसेप्शनवाली. मिक्सर रिकामा फिरवून वरून परात दाबली की बिघडलेला जनरेटर. डब्यात तोंड घालून बोललं की आवाज पहाडावरून आल्यावाणी वाटे.

राज्य नवीन झालेलं, राजधानी तेव्हा नवी-नवी होती. रायपुरात ज्या घराले कोणी भाड्यानं पुसत नव्हतं त्याच्यावर संचालनालयाचे बोर्ड लटकले होते. सगळं नवीन घेणं चालू होतं. गाड्या, टेबलं, कूलर, झेरॉक्स मशीन. एका ऑफिसात मी नोकरीचा अर्ज द्यायले गेलो तं तिथल्या नव्या कोऱ्या झेरॉक्स मशीनवर फुलदाणी ठेवून होती. टोनर संपला होता, अन् टोनर कोठून आणायचा हे मशीन घेताना कोणी इचारलंच नव्हतं.

हेच दुखणं फौजेतही असते, हे मले चौबे कॉलनीतल्या त्या भाड्याच्या बंगल्यात समजलं. तिथं एक रिटायर कर्नल साहेब कोर्स चालवत. मूळचे पुण्याचे, बायकोचं माहेर रायपूरचं म्हणून इथं राहिलेले. फौजेसाठी सामान खरेदी करणारे अधिकारी जबलपूर, नागपूर, महू इकडून त्याइच्याकडे आठवडाभर शिकायले येत. खरेदी कशी करायची हे त्याइले येतच होतं. कर्नल साहेब शिकवत ते खरेदीच्या पुढचं: घेतलेलं मशीन भंगारात जाईपर्यंत चालतं कसं ठेवायचं, अन् ती सोय करारातच कशी लिहून घ्यायची.

मले त्याइनं हे पहिल्याच दिवशी स्कूटरवर समजावलं होतं.

"समज, तू स्कूटर घेतलीस. कितीला घेतलीस ते सोड. तिचा प्लग कुठे मिळणार? मेकॅनिक कोण? कंपनीने ते मॉडेल बंद केलं तर काय? आणि शेवटी भंगारात कोण नेणार?"

"साहेब, माह्याजवळ सायकल हाये."

"बरं, सायकल. पंक्चर झाली तर?"

"मामाची घेतो."

"आणि मामा गावाला गेला तर?"

"तं मंग... घरीच राहतो."

"बघ," कर्नल साहेब म्हणले, "फौजेला घरी राहता येत नाही."

नोकरी लागली कशी ते सांगतो. मी अर्ज घेऊन गेलो होतो टायपिस्टचा. व्हरांड्यात बसलो असताना आतून साहेबाचा आवाज येऊन राहिला होता, "असं नव्हे, असं नव्हे, मुळात प्रश्न काय आहे?" साहेब आवाज इतका गोड करून बोलत की समोरच्याले घाम फुटावा. माह्या जिभेले खाज सुटली. शाळेत होतो डोंगरगढले, तं हेडमास्तरच्या आवाजात मी एकदा अख्ख्या शाळेले अर्धी सुट्टी देऊन टाकली होती. तेवढंच माझं उच्च शिक्षण. मी बाहेर उभ्या असलेल्या ड्रायव्हरले साहेबाची नक्कल करून दाखवली. ड्रायव्हर हासता हासता एकदम ताठ झाला. मी मागं वळून पाह्यलं.

"टायपिंग येतं?" कर्नल साहेबानं इचारलं.

"नाही साहेब."

"मग अर्ज कशाला केलास?"

"जाहिरात टायपिस्टची होती साहेब. नकला करणाऱ्याची कोणी देत नाही."

त्याइनं अर्ज घडी करून बाजूले ठेवला. मंग म्हणले, "पुन्हा कर. माझा आवाज." मी केला. ते हासले नाही. "बाईचा येतो? म्हाताऱ्याचा? थंडीत कुडकुडणाऱ्या जवानाचा?"

असा मी स्वयंपाकघरात आलो.

कोर्सची एक रीत होती. पाचव्या दिवशी अधिकारी एक जनरेटर 'खरेदी' करत. कागदावरचाच जनरेटर, पण करार खराखुरा. विकणारा कंपनीवाला मीच, टाय लावून. सहाव्या दिवशी कर्नल साहेब फळ्यावर लिहीत, वर्ष पहिले. माझा फोन जाई: मशीन अशी-अशी बंद पडली. अधिकाऱ्याइनं ती चालू करून दाखवायची, पण फक्त स्वतःच्या करारात जे लिहून घेतलं त्याच्या भरवशावर. मंग साहेब फळा पुसत अन् लिहीत, वर्ष चौथे. मंग वर्ष दहावे. दहाव्या वर्षाच्या फोनले मोठे मोठे मेजर रडकुंडीले येत. ज्या पार्टची हमी घेतली नाही तोच पार्ट जाई. कंपनीवाली बाई "आप होल्ड कीजिए" म्हणून गाणं लावून देई. ते गाणंही मीच.

माह्यासाठी नियम एकच. प्रत्येक फोनचा कागद कर्नल साहेब स्वतः लिहीत, अन् कागदाच्या बाहेर एक शब्द जायचा नाही. एकदा गेला होता. एका बॅचले मी कंपनीवाल्या बाईच्या तोंडून म्हणलं, "सर, हमारे इंजीनियर की शादी है, आप भी आइए ना." पूर्ण वर्ग असा हासला की जनरेटर कोणाच्याच ध्यानात राहिला नाही. साहेब मंग स्वयंपाकघरात आले. आवाज गोड. "त्यांना हसू आलं की ते सुटले. सुटले की शिकले नाहीत. पुन्हा कागद सोडलास, तर तो तुझा इथला शेवटचा दिवस."

आता ज्या दिवसाचं सांगून राहिलो तो दिवस.

कोर्स तेव्हा कच्चाच होता. दिल्लीहून मंजुरी मिळाली तं वर्षभराच्या बॅचेस पक्क्या, नाही मिळाली तं बंगल्याचं भाडं द्यायचेही वांधे. त्यासाठी दिल्लीचे एक साहेब स्वतः येऊन सहावा दिवस पाहणार होते. कोर्स पक्का तं माझी नोकरी पक्की. कोर्स बंद तं मी गुढियारीत, मामाच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात, बिल्टी म्हणजे ट्रकच्या मालाच्या पावत्या लिहायले. मी राहतही मामाकडेच होतो. मामा रोज जेवताना आठवण देई.

"आवाज काढून पोट भरते का बे?"

"सध्या भरून राहिलं ना मामा."

"सध्याचं नोको सांगू. तुह्या बापाले मी शब्द देलाय. महिनाअखेर काही झालं नाही तं खुर्ची रिकामी हाये माह्याकडे."

त्या खुर्चीवर याच्या आधी बसणारा माणूस तीस वर्षं बसला होता अन् त्याचा खांदा एकीकडे झुकून गेला होता. मी त्याचीही नक्कल करत होतो, पण घरी नाही. ती करताना मलेच भेव वाटे.

अन् नेमकी ती बॅच हुशार निघाली. म्होरके तोफखान्याचे एक मेजर, आवाज असा की खिडकीची काच वाजे. पण खरं डोकं होतं नागपूरहून आलेल्या एका ताईचं. फौजेच्या हिशोब खात्यातल्या, वर्दी नाही, साधी कॉटनची साडी, अन् पर्समध्ये संत्र्याच्या गोळ्या. पाचव्या दिवशी कंपनीवाला बनून मी टाय ओढत बसलो तं त्याइनं मले सोलून काढलं. सुटे भाग किती वर्षं देणार? मॉडेल बंद करण्याआधी किती दिवस कळवणार? नकाशे अन् दुरुस्तीची पुस्तकं आमच्या मालकीची की तुमच्या? पहाडावर इंजिनिअर कोण पोचवणार? मी जे जे लपवलं ते ते त्याइनं उकरलं अन् करारात टाकलं. चालवायची ट्रेनिंगही घेतली, चार जवानाइले, कंपनीच्या खर्चानं.

चहाच्या वेळी त्या माह्याजवळ आल्या. "काहून रे पोट्ट्या, कोठला तू?"

"डोंगरगढचा, ताई. आजोळ तुमसरचं."

"तरीच. खोटं किती सफाईनं बोलते रे! गोळी घे."

संध्याकाळी कर्नल साहेबानं करार वाचला अन् कपाळाले हात लावला. "हे फार चांगलं केलंय त्यांनी."

"मंग चांगलंच झालं ना साहेब?"

"अरे, उद्या फोन केलास की ते दोन मिनिटांत उत्तर देणार. दिल्लीकरांना वाटेल, या कोर्सात आहे काय? ज्यांना येतंच त्यांना शिकवायचं कशाला?" घरी न जाता त्याइनं दहाव्या वर्षाचा कागद पुन्हा लिहिला. मिलिटरी हॉस्पिटल, रक्ताच्या पिशव्या ठेवलेला फ्रिज, जनरेटर बंद, बाहेर बर्फ. माह्या हातात देताना म्हणले, "उद्या दम काढ त्यांचा. आणि कागद—"

"नाही सोडत साहेब."

सकाळी दिल्लीचे साहेब आले. बारीक, करडा स्वेटर, हातात काही नाही, बोलणं नाही. चहा देला तं "बाद में". मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. स्वयंपाकघर अन् बैठकीच्या मधात ताटं सरकवायची एक छोटी खिडकी होती, तिले पडदा. पडद्याच्या फटीतून मले फळा दिसे, ताईची वेणी दिसे, अन् दिल्लीवाल्या साहेबाचा एक बूट. तो बूट हालत नव्हता.

वर्ष पहिले. मी घंटी देली. "जय हिंद साब, मशीन धुआँ मार रहा है." माझा हवलदार म्हणजे माझं सगळ्यात लाडकं पात्र. नाकातून बोलणारा, दमा असल्यावाणी, प्रत्येक वाक्यात दोनदा साब. मेजर साहेबानं करारातलं कलम काढलं, हमीत बसते, इंजिनिअर पाठवा. झालं.

वर्ष चौथे. "साब, फिर मैं बोल रहा हूँ साब. पंप गया साब." पंपाचा साठा करारात होता. पुस्तक होतं. झालं. मले फटीतून दिसलं, दिल्लीच्या साहेबानं मनगटावरची घडी पाह्यली.

कर्नल साहेबानं फळा पुसला. खडू दोनदा तुटला त्याइच्या हातात. वर्ष दहावे.

मी मिक्सर लावला, परात दाबली, मंग एकदम बंद केला. घंटी देली. "साब, जय हिंद साब, मशीन बैठ गया साब. अस्पताल का फ्रिज बंद है, खून की थैली है अंदर, डाक्टर साब चिल्ला रहा है साब."

"हवलदार, घबराओ मत," मेजरचा आवाज. कागद उलटल्याचा आवाज. "पुस्तक निकालो. पेज—"

"एक मिनट, मेजर साब." ताई होत्या. फोनच्या जवळ आल्या असन, कारण श्वासही ऐकू आला. "हवलदार साहब, पहले साल में भी आप थे ना?"

हे कागदावर नव्हतं. पण हो म्हणायले काय जाते? "जी मैडम."

"चौथे साल में भी आप ही."

"जी मैडम साब."

"और दसवें साल में भी आप ही हैं? दस साल से एक ही जगह? आपकी पोस्टिंग नहीं आई?"

वर्गात एकदम हाशा पिकला. मेजर साहेबाचा तं खिडकी वाजवून. "मैडम, इसकी तो ऊपर तक पहचान है!" कोणीतरी म्हणलं. मी फटीतून पाह्यलं. कर्नल साहेब फळ्याजवळ खडू धरून उभे होते अन् त्याइच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. ज्या माणसानं स्वतः अर्ध्या देशात संसार बांधला अन् सोडला, ज्याच्या घरच्या पेट्या अजून पूर्ण उघडल्या नव्हत्या, त्यानं आपल्या धड्यातल्या हवलदारले दहा वर्षं एका जागी बसवून ठेवलं होतं. अन् मी बसवलं होतं, कारण तो आवाज मले चांगला जमे. खोलीतल्या एकूण एक माणसाची दर दोन-तीन वर्षानं बदली झालेली, तरी इतक्या बॅचेस गेल्या, कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

दिल्लीवाल्याचा बूट आता हालून राहिला होता.

माह्या हातात रिसीव्हर. समोर कागद, त्यात पुढचं वाक्य होतं, 'साब जल्दी बताइए'. ते म्हणलं असतं तं अजून हासले असते. जिभेच्या टोकावर दुसरं एक वाक्य येऊन बसलं होतं: "मैडम, हमारी घरवाली भी यही पूछती है." हे म्हणलं असतं तं छप्पर उडालं असतं. अन् तिथंच कोर्स संपला असता. हासले की सुटले. पण गप्प राहिलो तरी संपत होता. कर्नल साहेब पडद्याकडे पाहू शकत नव्हते, मी त्याइले इचारू शकत नव्हतो. गुढियारीतली ती खुर्ची मले त्या ओट्यापाशी दिसली, खरं सांगतो.

मी रिसीव्हर ओट्यावर ठेवला, जोरात, आवाज जाईन असा. परात जरा सरकवली. पाय आपटत चार पावलं मागं गेलो, पुढं आलो. उचलला.

"हैलो?"

हा हवलदार नव्हता. हा कोणीच नव्हता. दुसरा आवाज शोधायले टाइमच नव्हता, तं जो घशात होता तोच बाहेर आला. डोंगरगढच्या पोट्ट्याची हिंदी, राजधानीत आल्यावर पहिल्या आठवड्यात पत्ता इचारताना होती तशी.

"कौन बोल रहा है?" मेजर साहेबानं हासत इचारलं.

"सर, मैं नया आया हूँ."

"हवलदार कहाँ है?"

"वो तो कब के चले गए सर. उनके बाद दो और आए, वो भी गए. मैं पंद्रह दिन पहले आया. उनका नाम दीवार पे लिखा है, इसलिए सब यहाँ उनके नाम से ही फोन करते हैं."

हासणं हळूहळू कमी झालं. शेवटी एकाचंच राहिलं, अन् तेही थांबलं.

"ठीक है," मेजर म्हणले. "मशीन के पास खड़े हो? पैनल खोलो."

"सर, पैनल कौन सा?"

"तुमको मशीन चलाना किसने सिखाया?" हे ताईनं इचारलं. आवाज बदलला होता त्याइचा.

"किसी ने नहीं मैडम. जो पहले थे उन्होंने जाते-जाते बताया, हरा दबाना, लाल को हाथ मत लगाना. हरा दबा रहा हूँ. कुछ नहीं हो रहा."

"पुस्तक है ना तुम्हारे पास? निकालो पुस्तक."

"है मैडम. अंग्रेजी में है." मी थांबलो. पुढचं मले स्वतःलेच ठाऊक नव्हतं. "मैं पढ़ के सुनाऊँ? धीरे-धीरे पढ़ूँगा." अन् मी वाचायले लागलो, मिक्सरच्या अंगावर इंग्रजीत जे छापलं होतं तेच, एक-एक अक्षर जोडून, जसं सहावीत वाचत होतो. कोणी हासलं नाही. मधातच मी म्हणलं, "सर, डॉक्टर साहब आ रहे हैं. मैं क्या बोलूँ उनको?"

मेजर साहेब ओरडले, "कंपनी को लगाओ! ट्रेनिंग हमने करार में डाली है!"

मी फोन ठेवला. मंग घंटी वाजली, आता मी कंपनीवाली. ती जमली, देवाची कृपा. "सर, ट्रेनिंग तो पहले साल में दे दी थी. चार लोगों की. आपके दस्तखत हैं. नए लोगों के लिए नया करार करना पड़ेगा. आप होल्ड करेंगे?"

गाणं लावलं नाही. त्या दिवशी नाही लावावं वाटलं.

तिकडून कागद चाळल्याचा आवाज आला. मंग ताईचा आवाज, हळू, माह्यासाठी नाही, स्वतःच्याच लोकाइसाठी. "चार जणांची घेतली. एकदाच. मी स्वतः लिहिलं ते कलम." मंग हिंदीत, मेजरले: "सर, हमने पुर्जों के दस साल लिखे. आदमी का एक ही दिन लिखा."

रक्ताच्या पिशव्या वाचल्या नाहीत त्या दिवशी. कर्नल साहेबानं फळ्यावर तसंच लिहिलं.

मी परात उलटी करून तिच्यावर बसून राहिलो. कागद ओट्यावर पडला होता, अर्धा वाचलेला. नियम मोडला होता. दार वाजलं तं मले वाटलं कर्नल साहेब, पण आत आले ते दिल्लीचे साहेब. कर्नल साहेब मागं. अन् त्याइच्या मागं मेजर, ताई, सगळी बॅच दारात.

दिल्लीच्या साहेबानं स्वयंपाकघर पाह्यलं. मिक्सर पाह्यला. लाडवाचा डबा उचलून आत पाह्यलं.

"कितने लोग हैं यहाँ?"

"मी... मैं अकेला हूँ सर."

"वो औरत?"

"मैंच हूँ सर."

मेजर साहेबानं मागून "अबे!" म्हणलं. दिल्लीच्या साहेबाचे ओठ जरासे हालले, पण हासू नाही आलं. त्याइनं कर्नल साहेबाकडे वळून इचारलं, "नया लड़का आपकी स्क्रिप्ट में था?"

कर्नल साहेब खोटं बोलू शकले असते. मी तं बोललोच असतो. "नहीं," ते म्हणले. "स्क्रिप्ट में गलती थी. मेरी."

"हूँ." साहेबानं डबा परत ठेवला, होता तिथंच. "अच्छा कोर्स है. एक बात बताइए, कर्नल. यह लड़का कल कहीं और चला गया, तो परसों यह फोन कौन करेगा?"

आजवर हा प्रश्न कर्नल साहेब लोकाइले इचारत. मशीनबद्दल, पंपाबद्दल, पुस्तकाबद्दल. माझे कान गरम झाले. एक मन म्हणे, पाह्य, तुह्याशिवाय यांचं चालत नाही, आता तं नोकरी पक्की. अन् दुसऱ्या मनाले दिसून राहिलं होतं की माह्यावरच सगळं टांगलेलं आहे, हेच या कोर्सचं भोक आहे, अन् साहेबानं बरोब्बर त्यात बोट घातलं आहे.

"कोई नहीं करेगा," कर्नल साहेब म्हणले.

"यही तो सिखाते हैं आप."

ते गेल्यावर कर्नल साहेब माह्यापाशी आले. मी उभा राहिलो. म्हणलं, "साहेब, कागद सोडला."

"पाहिलं मी."

"मंग उद्यापासून...?"

"घरी जा आज. काही ठरलेलं नाही."

त्यानंतरचे दिवस मले गुढियारीत जेवण गेलं नाही. मामाले वाटलं तब्येत बिघडली, तं तो टोमणेही कमी मारे, त्याचंच जास्त भेव वाटे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मामानं ऑफिसातली ती खुर्ची सुताराकडून ठोकून आणली, पाय हालत होता म्हणून. "पाह्य, बसून पाह्य," म्हणे. मी नाही बसलो. पाठ दुखते म्हणलं.

मंग एका दुपारी कर्नल साहेबानं बोलावलं. बंगल्यात नवीन बॅचसाठी फळा पुसून ठेवला होता, तो पाहून मले जरा धीर आला.

"मंजुरी आली," ते म्हणले. "एका वर्षाची. अट आहे."

"माही नोकरी?"

"तीच तर अट आहे. तुझी नोकरी पण एक वर्ष. या वर्षात सगळे फोन असे बांधून ठेवायचे की दुसऱ्या कुणालाही करता आले पाहिजेत. आणि माणूस तयार करायचा. तू गेलास तरी दहावं वर्ष चाललं पाहिजे."

"म्हणजे साहेब, मी मलेच काढायची तयारी करू?"

"असं नव्हे, असं नव्हे," ते म्हणले, अन् स्वतःच थांबले. पहिल्यांदाच मी त्याइले तो आवाज अर्ध्यात सोडताना ऐकलं. "हो. तसंच म्हण."

मामानं ऐकलं तं म्हणे, "एक वर्षच? मंग खुर्ची ठेवतो."

माणूस म्हणून आली एक दीदी. भिलाईची, नवरा तिथल्या स्टील प्लांटमध्ये, ऑफिसकामाचा अनुभव. नक्कल तिले अजिबात येत नव्हती. हवलदारचा आवाज काढायले सांगतलं तं ती शाळेत कविता म्हणल्यावाणी म्हणे. मी आठ-पंधरा दिवस डोकं आपटलं. नाकातून, दीदी, नाकातून. "मोर नाक ले अइसने आवाज नइ निकलय, भैया," ती वैतागून म्हणली. म्हणजे, माह्या नाकातून असा आवाज निघत नाही. मी मनातल्या मनात खूश होत होतो, हे लपवून ठेवायले लय त्रास पडे.

शेवटी कर्नल साहेब म्हणले, तिला तिच्याच आवाजात बोलू दे.

पावसाळ्याच्या तोंडावरच्या बॅचले दहाव्या वर्षाचा फोन तिनं केला. मी बाजूले मिक्सर अन् परात सांभाळून होतो. तिनं काहीच पात्र काढलं नाही. नुसती हॉस्पिटलच्या स्टोअरमधली बाई झाली, थकलेली, कामाची. "सर, मैं आज ही आई हूँ. मशीन बंद है. किससे पूछूँ?" पडद्याच्या फटीतून पाह्यलं तं तिकडे तीन अधिकारी एकाच वेळी उभे राहिले होते.

मंग त्यातल्या एकानं असं काही इचारलं जे कागदात नव्हतं. की आधीच्या बाईचा फोन नंबर हाये का, तिलेच इचारू. मी घाबरलो. माह्याजवळ उत्तर तयार होतं, आवाजही तयार होता. मी रिसीव्हरले हात लावायले पुढं झालो.

दीदीनं रिसीव्हर दुसऱ्या कानाले घेतला. माह्याकडे न पाहता रिकाम्या हातानं मले थांब म्हणलं, अन् म्हणली, "नंबर है सर. सुबह से लगा रही हूँ. उनके गाँव में टावर नहीं है."

मी परात धरून उभा होतो. मिक्सर चालवायचं सांगायले तिनं बोट हालवलं, तं मी चालवला.